नवा पेपर नको, जुने पेपर आतून बदला : वाणिज्य अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व विद्यापीठांच्या वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखेतील अभ्यास मंडळांचे अध्यक्ष आणि सदस्य,

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार बी.कॉम.चा नवा आराखडा आधी स्वायत्त महाविद्यालयांत आला आणि 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही लागू झाला. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय), कौशल्याचे पेपर, ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) अशी सगळी मांडणी नव्याने झाली. एकेका वर्षाचा अभ्यासक्रम आपल्या मंडळांपुढे येतो, तेव्हा 'डिजिटल' आणि 'शाश्वत विकास' या दोन विषयांना जागा कुठे द्यायची हा प्रश्न निघतोच. उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते: दोन श्रेयांकांचा एक नवा पेपर. त्यात व्याख्या येतात, सतरा शाश्वत विकास उद्दिष्टांची यादी येते, ई-कॉमर्सचे फायदे-तोटे येतात आणि विद्यार्थी ते पाठ करून पुढच्या सत्रात विसरतो. माझी विनंती आहे, नवा पेपर काढू नका. पुस्तपालन, परिव्यय लेखांकन, लेखापरीक्षण, व्यापारी कायदे, कर, विपणन हे जे पेपर आधीपासून आहेत, तेच आतून बदला.

मी इचलकरंजीत करसल्लागार आहे. माझे पक्षकार यंत्रमागधारक, सायझिंगवाले (सुताला खळ देणारे), सूत व्यापारी, प्रोसेसवाले (कापड धुणारे-रंगवणारे) आणि अलीकडे घरातून ऑनलाइन कपडे विकणाऱ्या काही बायका. या व्यवसायांत हिशेब पाहणाऱ्या माणसाला आमच्याकडे दिवाणजी म्हणतात. जुने दिवाणजी निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी बी.कॉम. झालेली मुले-मुली येत आहेत. माझ्या कार्यालयातही येतात. कष्टाळू असतात, आकडेमोडीत चोख असतात, नावे-जमा त्यांना पक्के समजलेले असते. पण समोर जीएसटीआर-2बीचे विवरण (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारी यादी) आणि खरेदीची नोंदवही ठेवली की थबकतात, कारण तीन वर्षांत हे दोन कागद शेजारी ठेवून पाहायची वेळ त्यांच्यावर आलेली नसते. हा दोष मुलांचा नाही, म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहिते आहे.

'जुने सगळे टाकून द्या' म्हणणाऱ्यांत मी नाही, हे एका धड्यावरून सांगते. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तपालनात विनिमय विपत्रांचा, म्हणजे उधारीचे पैसे ठरल्या तारखेला देण्याच्या लेखी कागदांचा, धडा आहे. बी.कॉम.मध्येही व्यापारी कायद्यांत विपत्र भेटतेच. विपत्र लिहिणे, स्वीकारणे, बँकेत वटवणे, अनादर होणे, नूतनीकरण, सगळ्या नोंदी मुले भराभर करतात. हा धडा कालबाह्य झाला, काढून टाका, असे अनेक जण म्हणतात. मला वाटते तो ठेवावा आणि आजपर्यंत आणून पोचवावा. उधारीवर माल देणाऱ्याला मुदतीआधी पैसे लागतात, ही गरज काल होती तशीच आज आहे. आज तिची वाट ट्रेड्स या इलेक्ट्रॉनिक मंचावरून जाते. लघुउद्योजक आपले बिल तिथे चढवतो, घेणारी कंपनी ते मान्य करते, बँका त्यावर बोली लावतात आणि सर्वांत कमी वटाव (मुदतीआधी पैसे देण्यासाठी कापायची रक्कम) सांगणारी बँक पैसे देते. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली हे मंच चालतात, आणि 250 कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची झाली आहे. लेखक, स्वीकारणारा, वटवणारा ही तीन पात्रे तीच आहेत. ज्या मुलाला विपत्राच्या नोंदी येतात, त्याला हे एका तासात समजते. फक्त तो एक तास अभ्यासक्रमात हवा.

त्याच धड्याला लागून 45 दिवसांचा नियम येतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा 2006 चा. त्याच्या कलम 15 प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. कायदा होऊन इतकी वर्षे झाली तरी बाजारात त्याची भीती नव्हती. मग प्राप्तिकर कायद्याच्या कलम 43बी मध्ये (एच) हे पोटकलम आले. 2023-24 या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरता येईना. ती ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल, त्या वर्षी धरायची. कापड बाजारांत 90 आणि 120 दिवसांची उधारी ही रीत होती. 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काय गोंधळ झाला तो आम्ही जवळून पाहिला. पेठांमधून माल परत पाठवला गेला, ऑर्डरी थांबल्या, 'उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून केलेली सरकारी नोंदणी) रद्द करा, तरच तुमच्याकडून घेतो' असे दबाव आले. संरक्षण उत्पादकाला आहे, निव्वळ व्यापाऱ्याला नाही, हा फरक कित्येकांना माहीत नव्हता. दिवसाला किती जणांना तेच तेच समजावत होतो!

या एका प्रसंगात व्यापारी कायदा आहे, प्राप्तिकर आहे, खेळत्या भांडवलाचे व्यवस्थापन आहे, कुणाचे देणे किती दिवसांचे झाले याची यादी आहे आणि मोठ्या खरेदीदारापुढे छोट्या विणकराचे काय चालते हा अर्थशास्त्राचा प्रश्नही आहे. आपल्या अभ्यासक्रमात हे पाच विषय पाच वेगळ्या पेपरांत, वेगवेगळ्या सत्रांत बसतात आणि एकमेकांना भेटत नाहीत. प्राप्तिकराच्या पेपरात तर कलमांचे क्रमांक पाठ करण्यावर गुण मिळतात. आता 1961 चा कायदाच जाऊन प्राप्तिकर कायदा 2025 आला आहे आणि तो 1 एप्रिल 2026 पासून लागू होतो. क्रमांक बदलले, 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' ही जोडी जाऊन एकच 'कर वर्ष' आले. ज्याने क्रमांक पाठ केले त्याची पाटी कोरी झाली. खर्च कधी धरता येतो आणि का, हे ज्याला समजले त्याला नवा कायदा चाळायला एक आठवडा पुरेल.

जीएसटीचेही तेच. 1 जुलै 2017 ला तो आला तेव्हा कृत्रिम धाग्याच्या सुतावरचा कर कापडावरच्या करापेक्षा जास्त होता. सूत आधी 18 टक्के, त्याच वर्षी ऑक्टोबरपासून 12 टक्के, कापड 5 टक्के. विणकराचे भांडवल परताव्यात अडकून पडायचे. 22 सप्टेंबर 2025 पासून ते सूतही 5 टक्क्यांवर आले. कराचा दर उलटा असला की मधल्या माणसाची रोकड कशी आटते, हे इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या मुलांनी घरात पाहिलेले असते. वर्गात मात्र त्यांना अ, ब आणि क यांच्यातल्या काल्पनिक व्यवहारावर कर काढायला सांगितले जाते. बाजारातल्या बिलावर शिकवले तर घरचे पाहिलेले आणि वर्गात शिकलेले एकत्र येईल.

ऑनलाइन विक्रीचा एक हिशेब देते. मंडळाच्या बैठकीत तो फळ्यावर मांडावा अशी इच्छा आहे. एका बाईने घरातून एक कुर्ता ऑनलाइन मंचावर 1000 रुपयांना विकला, त्यावर 5 टक्के जीएसटी, ग्राहकाने दिले 1050. मंचाने कमिशन कापले 150 आणि त्यावर 18 टक्क्यांनी 27 रुपये कर. जीएसटीखालचा टीसीएस (मंचाने सरकारसाठी गोळा केलेला कर) अर्ध्या टक्क्याने 5 रुपये. प्राप्तिकराचा टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) लागू असेल तर 0.1 टक्क्याने आणखी साधारण 1 रुपया. खात्यात आले 867. आता नोंद करा. माझ्याकडे आलेल्या बहुतेक नव्या मुलांनी 867 रुपयांची विक्री लिहिली. विक्री 1000 ची आहे. 50 रुपये सरकारचे देणे आहे. 150 खर्च आहे. 27, 5 आणि 1 हे तीन आकडे येणे आहेत आणि तिन्हींची परत मिळण्याची वाट वेगळी आहे. त्यात कुर्ता परत आला तर यातले काय उलटते आणि काय उलटत नाही, हा पुढचा प्रश्न. बँक जुळवणी पत्रकाच्या धड्यात अजून 'चेक दिला पण वटण्यासाठी हजर केला नाही' हीच मुख्य तफावत शिकवली जाते. तीही असू द्या. पण आजच्या जुळवणीतली खरी मेहनत या 1050 आणि 867 च्या मधल्या अंतरात आहे.

यूपीआयवरून ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्यांदा एका महिन्यात 2000 कोटींवर व्यवहार झाले. त्याच्या आदल्या महिन्यात, जुलैमध्ये, बंगळुरूत छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या नोंदींवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि कित्येकांनी क्यूआर कोड काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, मालाच्या व्यापाराला नोंदणीची मर्यादा 40 लाखांची आहे, नोटीस म्हणजे दंड नव्हे आणि उत्तर देता येते, एवढे सांगणारा एक बी.कॉम. पदवीधर गल्लीत असता तर घबराट कमी झाली असती. असा पदवीधर तयार करणे हे विद्यापीठाचेच काम आहे असे मी मानते.

आता पर्यावरणाकडे वळते. माझा सगळ्यात जास्त जीव याच भागात गुंतला आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय सर्व शाखांना सक्तीचा झाला. तो सर्वांना सारखाच शिकवला जातो, म्हणून वाणिज्याच्या मुलाला तो आपल्या विषयाबाहेरचा वाटतो. परिसंस्था, अन्नसाखळी, एक प्रकल्प, एक वृक्षारोपण, संपले. त्या मुलाला उद्या ज्या प्रोसेस हाउसचा ताळेबंद लिहायचा आहे, त्याचे सांडपाणी या विषयात येत नाही आणि परिव्ययाच्या पेपरातही येत नाही.

आमच्या शहराचे उदाहरण घ्या. पंचगंगा आमच्या जवळून वाहते, पुढे शिरोळ तालुक्यातल्या गावांतून जाऊन नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कापड प्रक्रिया उद्योगाचे आणि वरच्या शहरांचे सांडपाणी तिच्यात किती वर्षे गेले, हे महाराष्ट्राला माहीत आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोटिसा, कारखाने बंद करण्याचे आदेश, मेलेल्या माशांच्या बातम्या, सगळे होऊन गेले. शहराला पिण्याचे पाणी कृष्णेतून उचलून आणावे लागते. हा सारा खर्च कुणाच्या तरी वहीत पडतो: महापालिकेच्या, शिरोळच्या शेतकऱ्याच्या, दवाखान्याच्या. ज्याच्या कारखान्यातून तो निघाला, त्याच्या परिव्यय पत्रकात तो कधी दिसतो आणि कधी दिसत नाही, हा लेखाशास्त्राचाच प्रश्न आहे.

आणि जिथे दिसतो, तिथेही नीट मांडला जात नाही. प्रक्रिया करून सांडपाणी पुन्हा वापरायचे म्हटले तर रसायने, वीज, गाळाची विल्हेवाट, सामायिक प्रकल्पाची वर्गणी असा मोठा खर्च येतो. बहुतेक प्रोसेसवाले तो कारखान्याच्या अप्रत्यक्ष खर्चात टाकतात आणि रंगवलेल्या मीटरवर सारखा वाटतात. पण गडद रंगाला धुण्याचे पाणी जास्त लागते, फिक्या रंगाला कमी. मीटरवर वाटणी केली की फिक्या रंगाचे कापड गडद रंगाचा खर्च उचलते. मालकाला वाटते गडद रंगात नफा आहे, म्हणून तो तीच कामे जास्त घेतो आणि नदीत जास्त रंग जातो. खर्चाची वाटणी कार्यानुसार करावी, हे आपल्या परिव्ययाच्या पेपरात आहे. प्रश्नसंचातली उदाहरणे मात्र यंत्राच्या जुळणीच्या खर्चाची आणि मालाच्या तपासणीची असतात. तीच पद्धत पाण्यावर लावून एक उदाहरण घाला. मुलाला परिव्ययही समजेल आणि पर्यावरणही समजेल. वेगळ्या पेपराची गरज उरणार नाही.

संयुक्त उत्पादने आणि उपउत्पादने हा तर साखरेच्या मुलखातला धडा. उसापासून साखर, मळी, बगॅस (उसाचा चोथा), प्रेसमड (रस गाळल्यावरचा गाळ). मळीतून इथेनॉल, बगॅसमधून वीज, प्रेसमडमधून खत किंवा बायोगॅस. संयुक्त खर्च यांच्यात कसा वाटायचा, याचे उत्तर परीक्षेत पाच गुणांचे असते. शिरोळ-हातकणंगल्यात त्यावरून ऊस उत्पादक रस्ते अडवतात. रंगराजन समितीने 2012 मध्ये सुचवले की उपपदार्थांसह उत्पन्न धरले तर 70 टक्के आणि फक्त साखर धरली तर 75 टक्के वाटा उसाला द्यावा. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी ऊसदराच्या मागणीचा जो आकडा जाहीर होतो, त्याच्या मुळाशी उपउत्पादनाचे मूल्य किती धरायचे हाच वाद असतो. त्यात 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने उसाच्या रसापासून त्या हंगामात इथेनॉल करायला मनाई केली, आठवडाभरात मर्यादा घालून थोडी मोकळीक दिली आणि पुढच्या हंगामासाठी बंधन उठवले. डिस्टिलरीत कर्ज काढून गुंतवणूक केलेल्या कारखान्याचे त्या आठवड्यातले रोख प्रवाह पत्रक कसे दिसले असेल? हरित म्हणून केलेल्या गुंतवणुकीलाही धोरणाची जोखीम असते, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण परदेशी पुस्तकात मिळणार नाही. साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल सभासदांच्या घरोघरी येतात. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी तो पडलेला असेल.

कुणी म्हणेल, कार्बनचा हिशेब हा मोठ्या कंपन्यांचा विषय आहे, आमच्या मुलांना कशाला. सेबीने (शेअर बाजाराच्या नियामकाने) बाजारमूल्याने पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. पुरवठादारांची माहिती देण्याचा भाग पुढे ढकलला गेला आणि ऐच्छिक झाला, हे खरे. पण त्या कंपन्यांच्या खरेदी विभागांकडून प्रश्नावल्या खाली येणे थांबलेले नाही. युरोपीय संघाची सीमेवरची कार्बन आकारणी 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष पैशांच्या टप्प्यात आली. सिमेंट, खत, ॲल्युमिनियम, लोखंड-पोलाद आणि त्यात नटबोल्टसुद्धा. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांचा (धातूचे ओतकाम करणाऱ्यांचा) माल आज त्या यादीत असो वा नसो, त्यांचे ग्राहक आकडे मागू लागले आहेत. कापडासाठीही युरोपात डिजिटल उत्पादन पासपोर्टची (माल कशाचा, कसा बनला याच्या डिजिटल नोंदीची) तयारी चालू आहे. 2024 मध्ये त्याचा कायदा झाला आणि पहिल्या गटांत कापड धरले गेले आहे. सोलापूरचा टॉवेल युरोपात जातो. त्याच्या धाग्याचा आणि रंगाचा माग कागदावर ठेवणारा माणूस कोण असणार? हिशेबनीसच.

हे काम अवघडही नाही. महिन्याला 10,000 युनिट वीज जाळणारा कारखाना घ्या. देशाच्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. केंद्रीय वीज प्राधिकरण हा आकडा दरवर्षी प्रसिद्ध करते. म्हणजे महिन्याला सुमारे 7 टन. जनरेटरचे डिझेल लिटरमागे सुमारे 2.7 किलो. हे गुणाकार अकरावीच्या मुलाला येतात. कठीण आहे ते आकड्यामागचा पुरावा जपणे. कुठले बिल, कुठला महिना, मीटर कुणाच्या नावावर, शेडचे भाडेकरू किती, तिघांत वीज वाटली कशी. पुरावा जपणे, तपासणे, शंका घेणे हे वाणिज्याच्या माणसाचे पिढीजात काम आहे. लेखापरीक्षणाच्या पेपरात 'प्रमाणकांची (व्हाउचरांची) तपासणी' शिकवताना रोख पावतीच्या बरोबरीने वीजबिल आणि सांडपाण्याच्या मीटरची नोंद घ्या. मग शाश्वततेचा अहवाल तपासायला बाहेरून कुणाला बोलवायला नको.

पुरावा जपण्याची अशी साखळी आपल्याकडे घडलेली आहे. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रक रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडली, नाशिक-सांगलीच्या बागायतदारांचे अतोनात नुकसान झाले. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय प्रणालीवर बागेची नोंदणी, फवारणीची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल आणि कंटेनर यांची साखळी बसवलेली होती. त्या धक्क्यानंतर तपासण्या आणखी कडक झाल्या. दहावी-बारावी शिकलेले शेतकरी ती साखळी सांभाळतात. पॅकहाउसमधली मुले सांभाळतात. ही मुले हे कुठल्याही महाविद्यालयात शिकलेली नाहीत.

विपणनाच्या पेपराबद्दल थोडक्यात. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये फसव्या डिजिटल रचनांवर (ग्राहकाला चकवणाऱ्या ॲप-संकेतस्थळांच्या मांडणीवर) आणि 2024 मध्ये पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. जाहिरातीच्या धड्यात ती यावीत. पाकिटावर 'इको-फ्रेंडली' छापणाऱ्याने कशाच्या आधारावर छापले, हे विचारायला मुलांना शिकवावे.

आता परीक्षा. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत काहीही लिहा, मुले परीक्षेत विचारले जाते तेच शिकतात आणि शिक्षकही तेच शिकवतात, हे आपण सगळे जाणतो. 'टिपा लिहा' आणि 'फरक स्पष्ट करा' यांच्यावर प्रश्नपत्रिका उभी राहील तोवर माझी वरची सगळी विनंती फुकट आहे. म्हणून प्रत्येक सत्रात निदान एका पेपरात कागदपत्रांच्या संचावर परीक्षा घ्यावी. पुस्तक उघडे असू दे. एका सायझिंग युनिटच्या खरेदी नोंदवहीचे एक पान, त्या महिन्याचे जीएसटीआर-2बी, बँकेचा उतारा आणि वीजबिल द्यावे. विचारावे: कोणत्या बिलाचे क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आज मिळते आणि कोणत्या पुरवठादाराला फोन करावा लागेल? 31 मार्चच्या आत कुणाचे पैसे द्यावेच लागतील? बीमच्या (खळ दिलेल्या सुताच्या रुळाच्या) किलोमागे वीज किती पडली आणि मागच्या महिन्यापेक्षा वाढली तर मालकाला काय विचाराल? शेवटी मालकाला अर्ध्या पानाची मराठी चिठ्ठी लिहायला सांगावी. ती चिठ्ठी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, कारण आकडा काढणारी साधने आता स्वस्त झाली आहेत. बिलाचा फोटो काढला की नोंद करणारी प्रणाली माझ्या कार्यालयातही आहे. तिने केलेली नोंद चूक आहे हे ओळखणारा आणि मालकाला समजेल अशा भाषेत सांगणारा माणूस मला मिळत नाही.

यासाठी संगणकाची सुसज्ज प्रयोगशाळा लागत नाही, हेही सांगते. चंदगड-आजऱ्याच्या महाविद्यालयात इंटरनेट धड चालत नसेल, पण 2बीचे छापील पान तर मिळेल. संगणक हवाच आहे, त्यासाठी निधी मागायलाच हवा, पण तो येईपर्यंत थांबायचे कारण नाही. आज मुले तीन हजार, पाच हजार फी भरून टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीचा वर्ग बाहेर लावतात. ज्याच्या घरी तेवढे नाहीत तो मागे राहतो. बी.कॉम.ची फी भरून जे मिळायला हवे ते बाहेर वेगळे विकत घ्यावे लागते, याची खंत आपल्यालाही वाटत असेल.

ओजेटीबद्दल अनेक प्राध्यापक खासगीत बोलतात तेच उघड लिहिते. मुले मामाच्या दुकानाचा शिक्का आणतात आणि तास पूर्ण झाल्याचे लिहून घेतात. दोष त्यांना देऊन उपयोग नाही. मुंबई-पुण्याबाहेर इतक्या मुलांना सामावणाऱ्या कंपन्या आहेत कुठे? पण विकास सोसायट्या आहेत. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना 2022 पासून चालू आहे आणि गावोगावच्या सचिवांना जुन्या वह्या नव्या प्रणालीत उतरवायला हात हवे आहेत. ग्रामपंचायती आहेत, दूध संस्था आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, बचत गटांचे संघ आहेत, करसल्लागारांची कार्यालये आहेत. विद्यापीठाने सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयाशी आणि कर व्यावसायिकांच्या संघटनांशी करार करावा, आणि शिक्क्याऐवजी कामाचा पुरावा मागावा: जुळवलेले एक विवरण, एका दूध संस्थेच्या शीतकरणाचा लिटरमागचा वीजखर्च, असे काही. माझ्यासारखी माणसे वेळ देतील. आम्हालाच पुढे ही मुले हवी आहेत.

शिक्षकांचे काय, असा प्रश्न आपण विचाराल आणि तो रास्त आहे. जागा रिक्त आहेत, निम्मे अध्यापन तासिका तत्त्वावर चालते अशी कित्येक महाविद्यालये आहेत, आणि तासाला मिळणाऱ्या पैशांत कुणी दर वर्षी बदलणारा कायदा स्वतःहून शिकावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. भरतीचा निर्णय आपल्या हातात नाही. पण दर सत्राआधी दोन दिवस एकत्र बसून, बदललेले दर, नमुने आणि उदाहरणे मराठीत तयार करून सर्व महाविद्यालयांना पाठवणे आपल्या हातात आहे. दर बदलला म्हणून पुस्तक बदलायला तीन वर्षे थांबावे लागू नये. अभ्यासक्रमात तत्त्व लिहा आणि दर व मर्यादा दरवर्षीच्या पुरवणीत द्या. आणि पुरवणी मराठीतच द्या, कारण पोर्टल इंग्रजीत असले तरी त्याबद्दल यंत्रमागाच्या शेडमध्ये होणारे बोलणे मराठीत, कानडीत आणि हिंदीत होते.

मंडळाच्या येत्या बैठकीसाठी माझी मागणी एवढीच आहे की परिव्यय लेखांकनाचा एकच पेपर घ्या. त्यातल्या प्रत्येक घटकात एक उदाहरण आपल्या विद्यापीठाच्या जिल्ह्यातले आणि एक उदाहरण पाणी, वीज किंवा टाकाऊ माल यांच्या खर्चाचे, असा नियम करून पाहा. त्या पेपराची एक नमुना प्रश्नपत्रिका कागदपत्रांच्या संचासह तयार करा आणि दहा महाविद्यालयांत एक सत्र चालवा. सायझिंगचा, प्रोसेसचा आणि ऑनलाइन विक्रीचा, असे तीन संच नावे-क्रमांक काढून, पक्षकारांची लेखी परवानगी घेऊन मी तयार ठेवले आहेत. कोणत्याही विद्यापीठाच्या मंडळाने मागितले तर विनामूल्य देईन, आणि ते शिकवून दाखवायला स्वखर्चाने येईन.

आपली,
एक करसल्लागार, वाणिज्य शाखेची माजी विद्यार्थिनी
इचलकरंजी, जि. कोल्हापूर